बिल्ला नंबर एक्केचाळीस

कोट माझ्याकडे देतात सगळे,
ओले, जड, कॉलरला दुसऱ्याच कुणाचा वास असलेले.
मी पितळी बिल्ला देते, कोट खुंटीला जातो.
बावीस वर्षं, रोसारिओच्या या क्लबात
दर शुक्रवारी बास्केटबॉलच्या कोर्टवर टँगो.
फरशी पुसतात, टेबलांवर मेणबत्त्या येतात,
वर रिंग तशीच, जाळी फाटलेली.

जुलैत नोएमीनं कोटासोबत मुलगा दिला.
"सांभाळणारी आली नाही," म्हणाली,
"आणि आज घरी बसले असते तर भिंती खरवडल्या असत्या मी."
सहा वर्षांचा. ब्रूनो. पायात मोजे, बूट हातात.
मी त्यालाही बिल्ला दिला, एक्केचाळीस,
गंमत म्हणून.
त्यानं तो मुठीत असा धरला
की हरवला तर त्याला कुणी परत नेणारच नाही.

म्हातारा एवारिस्तो काउंटरवर कोपर टेकून म्हणाला,
"ही जागा पोरांची नाही, ओफेलिया.
आठवडाभराचं शहाणपण खुंटीला टांगायला येतो आम्ही.
पोर बघत असलं की ते पुन्हा अंगात घालावं लागतं."
खोटं नव्हतं. मीच तर टांगते.

पोरानं दोन खुर्च्या जोडल्या, पण झोपला नाही.
नोएमी कुणा शिंप्याच्या मिठीत डोळे मिटून फिरत होती.
"आई झोपली का?"
"नाही."
"मग ते काका तिला कुठं नेतायत?"
"कुठंच नाही. फिरून इथंच."
हे उत्तर बरं होतं की वाईट,
अजून ठरत नाही माझं.

इथली रीत अशी: तोंडानं विचारायचं नाही.
अख्खा हॉल ओलांडून नुसतं बघायचं.
समोरून मान हलली, की ठरलं.
नाही हलली, तर कुणाला कळलंच नाही, अब्रू शाबूत.
एवारिस्तोनं देल्फिनाकडं पाहिलं. वर्षभर पाहतोय.
मध्ये एक्केचाळीस नंबर बसलेला.
त्यानं गंभीरपणे मान हलवली
आणि मोज्यांवर घसरत
कोर्टच्या मधोमध जाऊन उभा राहिला.

चाळीस जणांनी एकदम हसू गिळलं.
म्हाताऱ्याचे कान लाल.
पण रीत म्हणजे रीत, हललेली मान परत करता येत नाही.
तो वाकला. गुडघा वाजला तो मला काउंटरपर्यंत ऐकू आला.
एक अख्खी चाल ते दोघं चालले, नाचले म्हणणार नाही,
पोराची नजर सारखी वर, त्या फाटक्या जाळीकडं.

तुम्हाला वाटेल, विरघळला म्हातारा.
छे. कोट घेताना म्हणाला, "पुढच्या शुक्रवारी नको हं तो."
"मग मीही नको," नोएमी म्हणाली.
दोघंही बरोबर.
मला दोघांचाही राग आला.

माझी मिर्ता सहाची होती
तेव्हा मी कोट सांभाळत नव्हते, नाचायचे.
तिला आत ठेवून बाहेरून कुलूप. रेडिओ चालू,
घरात कुणी बोलतंय असं वाटावं म्हणून.
रडली नाही कधी. गुणाची पोर, म्हणायचे शेजारी.
परवा फोनवर म्हणाली,
पारानाच्या पाण्याची पातळी तिला अजून पाठ आहे,
त्या वर्षीची, बंदरागणिक, सेंटिमीटरसकट.
हसत म्हणाली. मीही हसले.

त्या रात्री पोरानं पाहू नये असं काय होतं?
वाइन सांडली. एक जोडपं कुजबुजत भांडलं.
लिबोरिओ बायकोच्या आठवणीनं संडासात रडला, दार उघडं टाकून.
हे मी मोजते, आणि मग
मिर्तानं जे पाहिलंच नाही ते मोजायला घेते.
हिशेब लागत नाही.

निघताना पोर खांद्यावर झोपलेलं.
नोएमीनं कोटाचा बिल्ला दिला, त्याचा देता येईना,
मूठ उघडत नव्हती. राहू दे, म्हटलं.

आता चाळीसनंतर बेचाळीस.
गर्दीच्या शुक्रवारी लोक बोट दाखवतात,
ती मधली रिकामी आहे की, तिथं टांगा.
मी म्हणते, ती घेतलेली आहे.